नंबर अजून लागायचाय

त्याला एका बाईचा नंबर हवा होता. एवढीच गोष्ट. बरं, त्यानं तो मागितला नव्हता असंही नाही. मागितला होता, चांगला तोंड उघडून मागितला होता, आणि तिनं हसत उत्तरही दिलं होतं. तरी तो हातात पडायला अडतीस वर्षं लागली. कुणी याला नशीब म्हणेल. मला विचाराल तर शुद्ध मूर्खपणा. पण त्याची कीव येते, काय करणार!

माणूस चष्मेवाला. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि मधे याचं चिंचोळं दुकान. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, आत एक उंच स्टूल आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दुकान वडिलांचं, पाटीही वडिलांच्या नावाची. पण सगळी गल्ली याला नंबरवाला म्हणायची, कारण हा लोकांचे नंबर काढायचा.

या एका शब्दावर त्याचं पोट चाललं आणि त्याच शब्दानं त्याचा घात केला. नंबर हा शब्दच मेला बहुरूपी. साहेबाच्या घरून निघाला तेव्हा साधा आकडा म्हणून निघाला असेल, पण आपल्या बोलण्यात येऊन असा ऐसपैस पसरला की विचारू नका. डोळ्यांना नंबर लागतो, चपलेला नंबर असतो, पोरगं वर्गात नंबर काढतं, दवाखान्यात आपला नंबर यायचा असतो. काम एक नंबर करणारा माणूस धंदा दोन नंबरचा करतो. आणि आपण सगळे कसे न चुकता समजून घेतो, नाही? तर नाही. एखाद्या वेळी चुकतं, आणि चुकतं तेव्हा असं चुकतं.

त्याच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता. त्याला दोन थोरल्या बहिणी, दोघी लग्नाच्या. हा आरशासमोर भांग पाडायला जरा जास्त वेळ रेंगाळला की आई म्हणायची, "आधी थोरलीचा नंबर, मग मधलीचा, मग तुझा. घाई कसली झालीय?" रोज उठून हेच. त्यामुळे नंबर लागणं म्हणजे लग्न ठरणं, हे त्याच्या डोक्यात अगदी खिळ्यानं ठोकल्यासारखं बसलं होतं.

अशात ती आली. ग्रंथालयात कामाला होती. नव्या पुस्तकांना नंबर घालायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या, पुस्तकं कपाटात जागच्या जागी लावायची. चिठ्ठ्यांवरचं बारीक अक्षर लिहून लिहून डोळे दुखायला लागले होते. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच घालत विचारायला लागला, "हे बरं, की आधीचं?" ती प्रत्येक वेळी नीट विचार करून उत्तर द्यायची. बाकीचे लोक अंदाजानं काहीतरी ठोकून देतात. ही मात्र म्हणाली, "थांबा हं, परत एकदा आधीचं दाखवा. उगाच खोटं कशाला बोलू?" झालं. त्या एका वाक्यावर आमचा नंबरवाला गारद.

चष्म्याची पावती लिहिताना त्यानं हिंमत केली. दुकानात काळा फोन होता, वडिलांच्या वेळेपासूनचा. तो म्हणाला, "तुमचा नंबर देता का? चष्मा झाला की कळवतो."

हे बोलताना कान तापले होते. चष्मा हे निमित्त होतं, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

ती हसली. "माझा नंबर अजून लागायचाय हो! पुढे बरेचजण आहेत. दोन वर्षं तरी जातील, म्हणतात."

आता तुम्हीआम्ही काय समजलो असतो? त्या काळी घरी फोन हवा असेल तर अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं रांगेत थांबायचं. तिच्या वडिलांनी अर्ज केला होता. ती तेच सांगत होती. पण चोराच्या मनात चांदणं! याच्या मनात फोन नव्हताच. याला वाटलं, हिनं आपल्या पोटातलं ओळखलं आणि तितक्याच खुबीनं उत्तर दिलं. हिच्याही घरी थोरल्या बहिणी असणार, त्यांची लग्नं व्हायची असणार, मग हिचा नंबर. म्हणजे आपल्यासारखंच!

आणि वर तिनं गमतीत विचारलं, "थांबणार का तोवर?"

"थांबेन," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो काचा पुसायचं फडकं घडी करत होता, पुन्हा उलगडत होता, पुन्हा घडी करत होता. तिनं पावती पर्समध्ये ठेवली, आणि ती दुकानाच्या पायऱ्यांशी अडखळली, चष्मा नव्हता म्हणून असेल कदाचित.

मग दोन वर्षं तो थांबला. नुसता थांबला हो! शब्दानं काही बोलला नाही. तिच्या घरच्या रांगेत आपण कशाला मधे घुसायचं, असा त्याचा हिशेब. त्याच्या घरीही रांग हलत होती. थोरलीचं झालं, वर्षभरानं मधलीचंही झालं. ती महिन्या-दीड महिन्याला यायची, चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून. तो बारक्या पेचकसानं स्क्रू आवळून द्यायचा. नाकावरचे पॅड जरा जवळ घ्यायचा, चष्मा तिच्या कानांवर बसवून बघायचा, आणि बोटं कानाला लागू नयेत म्हणून इतकी काळजी घ्यायचा की चष्मा तिरकाच बसायचा. मग तो पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. शेजारचा घड्याळवाला आपल्या भिंगातून हे सगळं बघायचा.

"लेका," तो एकदा म्हणाला, "साऱ्या गावाचे नंबर काढतोस, स्वतःचा कधी लावणार?"

"तिचा लागू दे आधी," हा म्हणाला. घड्याळवाल्यानं कपाळावर हात मारला.

आणि लागला. एका दुपारी ती जवळजवळ धावतच आली. स्क्रू घट्ट होता, चष्मा सरळ होता, म्हणजे काम काहीच नव्हतं.

"लागला हो नंबर!" ती दारातूनच म्हणाली. "कालच माणसं येऊन गेली. सगळं पक्कं झालं. वडिलांनी तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडं गोड केली!"

याच्या हातातली काच हातातच राहिली. माणसं येऊन गेली. पक्कं झालं. अहो, याहून स्पष्ट काय सांगायचं असतं?

"कसा आहे?" त्यानं कसंबसं विचारलं.

"काळाच आहे," ती म्हणाली, "पण आवाज काय स्वच्छ आहे!"

हसू नका. त्याच्या जागी उभे राहून बघा. तो स्वतः सावळ्यातला सावळा. त्याच्या मनात आलं, काळाच चालणार होता तर मी काय वाईट होतो? आवाजाचंच म्हणाल तर माझ्या आवाजाला काय धाड भरली होती? पण हे सगळं मनात. तोंडानं तो म्हणाला, "अभिनंदन. छान झालं."

ती उभी होती. तिनं पर्सचा बंद दोनदा उघडला, दोनदा लावला. "तुम्ही काही विचारणार नाही?" ती म्हणाली.

"आता काय विचारायचं?" तो म्हणाला. "सुखी राहा."

तिनं पर्स खांद्याला लावली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. ती पुन्हा स्क्रू आवळायला आली नाही.

पुढे सहा-सात महिन्यांनी टेलिफोनची नवी डिरेक्टरी आली, जाडजूड, विटेसारखी. एरवी तो ती चाळून बघायचा, गिऱ्हाइकांच्या नंबरांवर खुणा करून ठेवायचा. या वेळी उघडलीसुद्धा नाही. कुणाला करायचाय फोन? त्यानं डिरेक्टरीला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि स्टुलावर टाकली. लहान पोरांची डोकी तक्त्यापर्यंत पोचायची नाहीत, त्यांच्या बुडाखाली बरी. पुढे नव्या डिरेक्टऱ्या आल्या, पोरं त्या जुनीवरच बसत राहिली. मग डिरेक्टऱ्या यायच्याच बंद झाल्या. त्या जुनीवर बसलेली पोरं मोठी झाली, आपापली पोरं घेऊन आली, तीही तिच्यावरच बसली.

आईनं मुली दाखवल्या. याला एकही पसंत पडेना. "अरे, काही खोट तरी सांग," आई म्हणायची. खोट काय सांगणार? 'हे बरं, की आधीचं' असं प्रत्येक वेळी मनात व्हायचं आणि प्रत्येक वेळी आधीचंच बरं वाटायचं. शेवटी आई थकली आणि एक दिवस देवाघरी गेलीही. हा राहिला. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसायचा. वाईट वाटायचं ते तिचं लग्न झालं याचं नाही. झालंच असतं ते. आपण विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे आता कधीच कळणार नाही, याचं वाईट वाटायचं. चष्मा लागला की दिसतं माणसाला. हे कशानं दिसणार?

त्यानं पहिल्यांदा नंबर मागितला त्याला अडतीस वर्षं झाली होती. एका सकाळी एक आजी सात वर्षांच्या नातीचा हात धरून दुकानात आली. केस पांढरे, चष्मा जाड. चेहऱ्यावरून त्याला कळलं नसतं. पण ती म्हणाली, "शाळेत तपासणी झाली. हिला नंबर लागलाय म्हणे," आणि 'नंबर लागलाय' हे शब्द त्या आवाजात ऐकून त्याचा हात कपाटाच्या काचेवर टेकला.

"ओळखलंत का?" ती म्हणाली.

"स्क्रू सैल झाला असेल," तो म्हणाला.

ती मोकळेपणानं हसली. मुलाचं घर आता इकडे जवळच झालंय, म्हणाली. मिस्टर निवृत्त झालेत, गुडघ्यांमुळे फारसे बाहेर पडत नाहीत, बाकी बरं चाललंय. बरं चाललंय हे ती खरंच सांगत होती. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हतीच.

त्यानं नातीला उचलून डिरेक्टरीवर बसवलं आणि नंबर काढला. नात आजीसारखी नव्हती, भसाभस उत्तरं देऊन मोकळी. काचा ठरल्यावर त्यानं ती जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि तिला खाली उतरवलं. "आता दहा मिनिटं हे घालून दुकानात फिर. चक्कर आली तर सांग." नात हात पसरून हळूहळू चालत कपाटापाशी गेली आणि फ्रेमांच्या किमती मोठ्यानं वाचायला लागली.

आजी स्टुलाकडे बघत होती. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठी वाचलेली बाई, नजर तिथंच जाणार. वाकून तिनं कण्यावरचं साल वाचलं.

"अगंबाई! ही अजून आहे?" तिनं डिरेक्टरी उचलून हातात घेतली. "हिच्यात आमचा नंबर पहिल्यांदा छापून आला होता. बाबांनी सगळ्यांना दाखवला." पानं एकमेकांना चिकटली होती. तिनं ती अलगद सोडवली, बोट वरून खाली नेलं आणि थांबवलं. "हा बघा."

त्यानं पाहिलं. तिच्या वडिलांचं नाव, पत्ता आणि पुढे सहा आकडे. ते नाव त्याच्या पावतीपुस्तकात होतं.

"फोन आला होता तुमच्याकडे?" तो म्हणाला.

"म्हणजे काय? मी धावत सांगायला नव्हते का आले? नंबर लागला म्हणून?"

नात कपाटापाशी वाचत होती, "साडेचारशे. सहाशे."

"मला वाटलं," तो म्हणाला, "लग्न."

"कुणाचं?"

"तुमचं. नंबर लागला म्हणालात. माणसं येऊन गेली, पक्कं झालं म्हणालात."

"अहो, माणसं फोन बसवायला आली होती!"

"काळा आहे म्हणालात. आवाज स्वच्छ आहे म्हणालात."

तिनं तोंडावर हात धरला. आधी हसली. खांदे हलेपर्यंत हसली. मग तिनं चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले, आणि नंतर बराच वेळ पुसत राहिली.

"त्या दिवशी घरी जाताना मी हाच विचार करत होते," ती म्हणाली. "बाई गं, फोन आला म्हणून कुणी 'सुखी राहा' म्हणतं का? म्हटलं, या माणसाला फोन करायचाच नाहीये. सरळ नाही म्हणता येत नाही, म्हणून आशीर्वाद देऊन वाटेला लावलं."

"मला करायचा होता," तो म्हणाला.

"वर्षभर वाजला की धावायचे मी. बाबा म्हणायचे, तुला कुणाचा यायचाय एवढा? मला वाटायचं, डिरेक्टरीत छापलाय, बाबांचं नाव तुमच्याकडे आहे, मनात असेल तर शोधतीलच. मग धावायचं सोडलं. मग खरोखरच आला माझा नंबर, आणि झालं लग्न." ती पानाकडे बघत म्हणाली, "आणि हे इथं होतं. तुमच्याच दुकानात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याचा कळसा तर पोराटोरांच्या बुडाखाली.

"ते स्क्रू," तो म्हणाला, "दर महिन्याला सैल कसे व्हायचे? माझं काम तसं कच्चं नव्हतं."

"सेफ्टी पिननं," ती म्हणाली. "तुम्हाला कळत नव्हतं?"

"वाटायचं. पण वाटण्यावर कसा भरवसा ठेवायचा?"

"तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी हो म्हणाले असते," ती म्हणाली. उगाच आडपडदा नाही, लाजणं नाही. जे खरं होतं ते सांगून तिनं डिरेक्टरी मिटली आणि स्टुलावर नीट, कडा जुळवून ठेवली.

"आजी, मला चक्कर येत नाहीये," नात म्हणाली. "झाली का दहा मिनिटं?"

झाली होती. फ्रेम पसंत झाली, निळी. त्यानं पावतीपुस्तक ओढलं. नातीचं नाव लिहिलं, वय लिहिलं, डोळ्यांचे आकडे लिहिले. मग एक रकाना राहिला. पेन तिथं टेकवून तो थांबला. वय चौसष्ट, आणि कान तापले होते.

"नंबर देता का?" तो म्हणाला. "चष्मा झाला की कळवतो."

"घरात आता पाच फोन आहेत," ती म्हणाली. "कुणाचा देऊ?"

"तुमचा."

तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला. त्यानं लिहिला, आणि बरोबर आहे ना म्हणून पुन्हा वाचून दाखवला. ती नातीचा हात धरून पायऱ्या उतरली. या वेळी अडखळली नाही.

चष्मा दुसऱ्याच दिवशी तयार झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पावतीपुस्तक उघडून ठेवायचा, आकड्यांकडे बघायचा आणि मिटायचा. चौथ्या दिवशी घड्याळवाला आत आला, म्हातारा झाला होता तोही, आणि म्हणाला, "पोरगी शाळेत आंधळी बसली असेल रे. कर की फोन!"

त्यानं केला. पलीकडे वाजत राहिलं. मग एका पुरुषाचा आवाज आला, वयस्कर, खणखणीत आणि स्वच्छ.

"हॅलो, कोण बोलतंय? हा आमच्या हिचा फोन, ती जरा आत आहे."

"चष्म्याच्या दुकानातून," तो म्हणाला. "चष्मा तयार आहे."

"अरे वा! संध्याकाळी सूनबाई येईल न्यायला." मग आवाज बाजूला वळला. "अगं, चष्मेवाल्यांचा फोन आहे!"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग आतून, लांबून, पण अगदी स्पष्ट, ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, लागला एकदाचा नंबर!"

"ऐकलंत का? ही म्हणतेय, लागला एकदाचा नंबर," तो गृहस्थ म्हणाला. "का हो, लागत नव्हता का आमचा?"

"नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस लागत नव्हता."

"अहो, हल्ली सगळीकडे हीच रड आहे. असं झालं की सोडून नाही द्यायचं. पुन्हा पुन्हा करायचा. लागतो कधीतरी."

"हो," तो म्हणाला. "एकदा तरी करायला हवा होता."